छातीत दुखतंय, अँजिओग्राफीत ब्लॉकेज निघालं. पण हृदयाची झडप बघितली का?

वडूज : खटाव-माण भागात साठी-सत्तरी ओलांडलेल्या माणसाच्या छातीत दुखायला लागलं की घरच्यांच्या तोंडी पहिला शब्द येतो तो 'ब्लॉकेज'. मग सातारा नाहीतर कराड, तिथं अँजिओग्राफी, आणि डॉक्टरांनी "दोन ब्लॉकेज आहेत" म्हटलं की स्टेंट टाकून मोकळं व्हायची घाई. पोरं गलाईच्या धंद्याला परराज्यात, निर्णय फोनवर व्हायचा, त्यामुळं घाई आणखीनच. बऱ्याच जणांचं यात भलंच होतं. पण काही म्हाताऱ्या माणसांच्या हृदयात ब्लॉकेजच्या जोडीला दुसरंही एक दुखणं असतं, ते म्हणजे झडप आखडलेली असते. तिचं नाव रिपोर्टवर 'सिव्हिअर एओर्टिक स्टेनोसिस' असं लिहिलेलं असतं. ही दोन दुखणी एकत्र असली की उपचाराचा सगळा हिशोब बदलतो. कुठलं आधी, कुठलं नंतर, की दोन्ही एकदम, हे ठरवण्यात चूक झाली तर पुढचा रस्ता अवघड होऊन बसतो.

झडप म्हणजे नेमकं काय?

हृदयाच्या डाव्या कप्प्यातून शुद्ध रक्त जिथून मोठ्या धमनीत, म्हणजे महाधमनीत, जातं तिथं एक झडप असते. तिला तीन पातळ पाकळ्या. हृदय आवळलं की उघडायच्या, सैल पडलं की मिटायच्या. दिवसाला लाखभर वेळा हे चालतं. पूर्ण उघडल्यावर तिचं तोंड तीन ते चार चौरस सेंटिमीटर असतं, म्हणजे साधारण एक रुपयाच्या नाण्याएवढं. वयानुसार या पाकळ्यांवर कॅल्शियम साचतं, त्या जाड आणि ताठ होतात, नीट उघडत नाहीत. आपल्या विहिरीवरच्या पाइपात आणि ठिबकच्या नळीत क्षार बसतात, तसंच काहीसं समजा. तोंड एक चौरस सेंटिमीटरच्या आत आलं की डॉक्टर त्याला 'सिव्हिअर' म्हणतात. म्हणजे रुपयाच्या नाण्याएवढी वाट शर्टाच्या बटणाएवढी झाली. अंगातलं सगळं रक्त त्या बटणाएवढ्या भोकातून ढकलायचं.

काही जणांच्या झडपेला जन्मतःच तीनऐवजी दोन पाकळ्या असतात. शंभरात एक-दोन माणसं अशी निघतात, आणि त्यांची झडप पन्नाशी-साठीतच आखडू शकते. लहानपणी सांधेदुखीचा ताप येऊन गेला असेल, ज्याला डॉक्टर ऱ्हुमॅटिक फीवर म्हणतात, तर त्यानंही झडप खराब होते. आपल्या देशात हे कारण अजून संपलेलं नाही.

आता दोन दुखणी मिळून काय करतात ते बघा. विहिरीवरचं डिझेल इंजिन डोळ्यापुढं आणा. पाणी वर जायच्या पाइपाचा गेट व्हॉल्व पाऊण बंद पडलाय. इंजिन दाबाखाली चालतंय, धापा टाकतंय, नेहमीपेक्षा जास्त डिझेल मागतंय. आणि नेमकी डिझेलची नळीच कचऱ्यानं तुंबलीय. हृदयाचं तसंच होतं. झडप आखडली की रक्त ढकलायला हृदयाच्या स्नायूला दुप्पट जोर लावावा लागतो, त्याची भिंत जाड होते, त्याला स्वतःला जास्त रक्त लागतं. ते रक्त आणणाऱ्या ज्या बारीक रक्तवाहिन्या, त्यांतच ब्लॉकेज. या रक्तवाहिन्या त्याच झडपेच्या अगदी वरून फुटतात, ही गोष्ट ध्यानात ठेवा. पुढं तिचा संबंध येणार आहे.

म्हातारपण म्हणून सोडून दिलेली लक्षणं

आखडलेल्या झडपेची मुख्य लक्षणं तीन. चालताना, चढताना छातीत दाबल्यासारखं होणं. दम लागणं. आणि श्रम करताना एकदम डोळ्यापुढं अंधारी येऊन पडणं. औंधच्या मूळपीठाच्या पायऱ्या चढताना माणूस मध्येच बसला, भोवळ येऊन पडला, तर "उपास होता, ऊन लागलं" म्हणून आपण लिंबूसरबत देऊन गप्प बसतो. तरण्याताठ्याचं ठीक आहे. साठीच्या पुढच्या माणसाला चढावर चक्कर आली तर ती हृदयाची आहे का, हे बघायलाच पाहिजे.

यातली मोठी फसगत म्हणजे माणूस हळूहळू हालचाल कमी करत जातो. आधी मळ्यात जायचं बंद, मग देवळापर्यंत, मग ओट्यापर्यंत. आणि विचारलं तर म्हणतो, "मला काय होतंय? काहीच त्रास नाही." बसून राहिल्यावर त्रास कुठून होणार? म्हणून डॉक्टरांपुढं घरच्यांनी सांगावं, गेल्या दिवाळीला हा माणूस किती चालत होता आणि आता किती चालतो.

त्रास सुरू झाल्यावर वेळ फार नसतो. अमेरिकेतले डॉक्टर जॉन रॉस आणि यूजीन ब्राउनवाल्ड यांनी १९६८ मध्ये मांडलेला हिशोब अजूनही डॉक्टर शिकतात. झडपेचं ऑपरेशन झालं नाही तर छातीत दुखायला लागल्यापासून सरासरी पाच वर्षं, चक्कर येऊन पडायला लागल्यापासून तीन, आणि हृदय थकून दम लागायला लागल्यापासून दोन वर्षं. आकडे जुने आहेत, सरासरीचे आहेत, कुणा एकाचं भविष्य त्यावरून सांगता येत नाही. पण 'पुढच्या सुगीनंतर बघू' म्हणण्याएवढी सवड या रोगात नसते, एवढं त्यातून कळतं.

आणि गोळीनं ही झडप उघडत नाही. कोलेस्टेरॉलच्या गोळ्यांनी झडपेवरचं कॅल्शियम थांबतं का, याचे मोठे प्रयोग झाले; थांबलं नाही. व्हॉट्सअॅपवर फिरणारा आलं-लसूण-लिंबाचा काढा ब्लॉकेजही काढत नाही आणि झडपही उघडत नाही. काढा प्यायचा तर प्या, पण त्यापायी तपासणी पुढं ढकलू नका.

एक सावधगिरी आवर्जून सांगतो. आपल्याकडं छातीत दुखलं की जिभेखाली सॉर्बिट्रेट ठेवायची सवय घरोघरी झालीय, शेजाऱ्याची गोळीसुद्धा दिली जाते. झडप खूप आखडलेली असली तर या गोळीनं बीपी एकदम खाली जाऊन माणूस कोसळू शकतो. ज्याला झडपेचं दुखणं आहे त्यानं ही गोळी घ्यायची की नाही, हे आपल्या डॉक्टरांना विचारूनच ठेवावं. दुसऱ्याची गोळी तर नकोच.

कळतं कसं?

सुरुवात साध्या आल्याने, म्हणजे स्टेथोस्कोपनं होते. अरुंद जागेतून रक्त जोरात जाताना छातीवर खरखरीत आवाज येतो. त्यामुळं वडूजच्या ग्रामीण रुग्णालयात किंवा गावच्या डॉक्टरांकडंसुद्धा संशय येऊ शकतो. खात्री होते ती टू-डी इको या तपासणीत. ही छातीवरून करायची सोनोग्राफी. सुई नाही, कापाकापी नाही, अर्ध्या तासाचं काम. ईसीजीवर झडप दिसत नाही, हे पुष्कळांना माहीत नसतं. "ईसीजी नॉर्मल आला" म्हणून हृदय ठणठणीत असं होत नाही.

इकोच्या कागदावर तीन आकडे बघा. झडपेचं तोंड एक चौरस सेंटिमीटरच्या आत, तिथून जाणाऱ्या रक्ताचा वेग सेकंदाला चार मीटर किंवा जास्त, आणि दाबातला सरासरी फरक ४० किंवा त्याच्या वर, म्हणजे झडप गंभीर आखडलेली. हृदय थकलेलं असेल तर जोरच कमी पडतो, मग वेग आणि दाब कमी दिसून रिपोर्ट फसवा येऊ शकतो. अशा वेळी डॉक्टर औषध देऊन पुन्हा इको करतात किंवा सीटी स्कॅनमध्ये झडपेवरचं कॅल्शियम मोजतात.

आता उलट बाजू. झडप खराब निघाली तर रक्तवाहिन्याही बघाव्याच लागतात, कारण दोन्ही दुखण्यांची मुळं बरीचशी सारखी : वय, बीपी, साखर, कोलेस्टेरॉल, तंबाखू. (मिश्री ही तंबाखूच आहे, आयाबायांनी ती वेगळी धरू नये.) झडपेच्या उपचाराला येणाऱ्या वयस्क रुग्णांत जवळपास निम्म्यांना ब्लॉकेजही सापडतात, असं परदेशातल्या नोंदी सांगतात.

'गुंतागुंतीचं ब्लॉकेज' असं डॉक्टर म्हणतात तेव्हा अर्थ असा असतो : तिन्ही मुख्य नळ्यांत अडथळा, किंवा डाव्या बाजूच्या मूळ नळीतच अडथळा, किंवा जिथं फाटा फुटतो त्या जागी, किंवा लांबलचक आणि कॅल्शियमनं दगडासारखा झालेला. असं ब्लॉकेज एका स्टेंटनं भागत नाही.

दोन रस्ते

पहिला रस्ता जुना आणि पारखलेला. छाती उघडून एकाच ऑपरेशनमध्ये झडप बदलायची आणि बायपासही करायची. हृदय थांबवून यंत्रावर रक्त फिरवत हे काम होतं. ज्याची बायपास ठरली आणि झडपही गंभीर आखडलेली आहे, त्याची झडप त्याच वेळी बदलावी, असाच नियम आहे. नुसती बायपास करून झडप तशीच ठेवली तर काही दिवसांनी पुन्हा छाती उघडायची वेळ येते, आणि दुसऱ्यांदा उघडणं पहिल्याइतकं सोपं नसतं. झडप बदलणं हे काही नवलाचं ऑपरेशन राहिलेलं नाही. लालूप्रसाद यादव यांची महाधमनीची झडप २०१४ च्या ऑगस्टमध्ये मुंबईतच बदलली होती, आणि त्यानंतर त्यांनी राजकारण किती केलं ते सगळ्यांनी बघितलं.

बसवायची झडप दोन प्रकारची. धातूची झडप टिकाऊ, पण रक्त पातळ करायची गोळी जन्मभर. आपल्या देशात तिरुअनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत डॉ. एम. एस. वलियाथन यांच्या देखरेखीखाली अशी झडप तयार झाली आणि ६ डिसेंबर १९९० ला पहिल्यांदा रुग्णाला बसवली. त्यामुळं परदेशी झडपेचा खर्च न झेपणाऱ्या हजारो घरांना आधार मिळाला. दुसरी जनावरांच्या ऊतीपासून केलेली झडप. तिला ती गोळी जन्मभर लागत नाही, पण साधारण दहा-पंधरा वर्षांत ती झिजते. म्हणून तरुणाला सहसा धातूची, म्हाताऱ्याला ऊतीची, असा साधारण कल असतो.

दुसरा रस्ता नवा. छाती न उघडता, जांघेतल्या रक्तवाहिनीतून नळी घालून नवी झडप जुन्या झडपेच्या आत बसवायची. याला 'टावी' म्हणतात. फ्रान्समधल्या रुआं शहरात डॉ. आलँ क्रिबिये यांनी एप्रिल २००२ मध्ये ही पहिल्यांदा करून दाखवली. आता आपल्या शेजारच्या गुजरातेत, वापीला, अशी झडप तयार होते. २०१८ मध्ये तिला सरकारी मान्यता मिळाली. ब्लॉकेजसाठी याच्या जोडीला अँजिओप्लास्टी करून स्टेंट टाकतात. माणूस दोन-चार दिवसांत घरी येतो. पण याचे धोकेही आहेत : काहींना पेसमेकर बसवावा लागतो, कधी झडपेच्या कडेनं रक्त झिरपतं, कधी लकव्याचा झटका येतो. आणि खर्च दहा लाखांच्या पुढंच जातो.

मग चांगला रस्ता कोणता? हाच प्रश्न घेऊन युरोपात एक चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २०२४ च्या शेवटी 'लॅन्सेट'मध्ये आले. वय ७० च्या वर, झडप गंभीर आखडलेली आणि ब्लॉकेज गुंतागुंतीचं, असे १७२ रुग्ण. निम्म्यांना टावी आणि स्टेंट, निम्म्यांना उघडं ऑपरेशन. वर्षभरात मृत्यू, हार्ट अॅटॅक, लकवा, मोठा रक्तस्राव असलं काहीतरी गंभीर घडलं ते टावीवाल्यांत शंभरात चार जणांना, ऑपरेशनवाल्यांत शंभरात तेवीस जणांना. फरक मोठा दिसतो. पण १७२ म्हणजे थोडीच माणसं, आणि हिशोब फक्त वर्षाचा. बायपासचा फायदा दहा वर्षांनी दिसतो, तो यात धरलेला नाही. साखरेच्या रुग्णाला तिन्ही नळ्यांत ब्लॉकेज असेल तर स्टेंटपेक्षा बायपास सरस, हे २०१२ पासून माहीत आहे. त्यामुळं ५८ वर्षांच्या धडधाकट शेतकऱ्यानं ही बातमी वाचून 'मला टावीच पाहिजे' म्हणू नये, आणि ८२ वर्षांच्या आजींना कुणी 'ऑपरेशनशिवाय इलाज नाही' असंही सांगू नये. अमेरिकेच्या २०२० च्या नियमांत ६५ च्या आत ऑपरेशन, ८० च्या वर टावी, आणि मधल्या वयात दोन्हींचा विचार करून ठरवा, असं आहे. युरोपातले डॉक्टर त्याहून कमी वयाला टावीकडं वळतात.

टावी ठरली तर ब्लॉकेजचं काय, हा आणखी एक पेच. सगळेच स्टेंट टाकायचे का? उत्तर युरोपातल्या ४५५ रुग्णांवर २०२४ मध्ये आलेल्या चाचणीत दिसलं की खरोखर मोठ्या ब्लॉकेजला स्टेंट टाकला तर दोन वर्षांत मृत्यू, हार्ट अॅटॅक किंवा तातडीची अँजिओप्लास्टी शंभरात २६ जणांना, न टाकता ३६ जणांना. पण स्टेंटवाल्यांत रक्तस्राव जास्त, २८ विरुद्ध २०, कारण रक्त पातळ करायच्या गोळ्या. म्हणजे रक्ताचा प्रवाह खरंच अडवणाऱ्या ब्लॉकेजलाच हात लावायचा. आणि हात लावायचा तर बहुतेक वेळा टावीच्या आधी. वर म्हटलं होतं ना, रक्तवाहिन्या झडपेच्या अगदी वरून निघतात? टावीची जाळी तिथं बसली की नंतर त्या तोंडातून नळी घालणं अवघड होऊ शकतं.

घाईत टाकलेला स्टेंट

आता मूळ मुद्दा. समजा ६८ वर्षांचे तात्या आहेत. साखर आहे, तीन ब्लॉकेज आहेत आणि झडपही गंभीर आखडलेली आहे. त्यांना एकाच ऑपरेशनमध्ये झडप आणि बायपास हा चांगला रस्ता होता. पण इको नीट न बघता, किंवा बघूनही, आधी दोन स्टेंट टाकले. आता स्टेंटमुळं रक्त पातळ करायच्या दोन-दोन गोळ्या कित्येक महिने चुकवता येत नाहीत. गोळ्या बंद केल्या तर स्टेंट तुंबायची भीती, चालू ठेवून छाती उघडली तर रक्तस्रावाची भीती. आणि झडप तर वाट बघत थांबत नाही. पैसा गेला, योजनेतली त्या वर्षाची रक्कमही खर्ची पडली, आणि मूळ दुखणं जागेवरच.

यात एक अपवाद ठळक लक्षात ठेवा. चालू हार्ट अॅटॅकमध्ये, छातीत असह्य कळ, घाम, हात-जबडा भरून येणं असं असताना, थांबायचं नसतं. तिथं बंद नळी तातडीनं उघडणं हेच जीव वाचवणारं. १०८ ला फोन करा आणि निघा. दोन डॉक्टरांचं मत वगैरे गोष्टी, रुग्ण स्थिर असतो आणि तारीख ठरवून काम करायचं असतं, तेव्हाच्या.

तेव्हा मात्र घरच्यांनी तोंड उघडून विचारावं. "डॉक्टरसाहेब, झडप गंभीर आहे का? दोन्हींचा उपचार मिळून कसा ठरवलाय? हृदयाच्या सर्जननं फाइल बघितली का?" मोठ्या रुग्णालयांत हृदयरोगतज्ज्ञ आणि सर्जन एकत्र बसून निर्णय घेतात, त्याला हार्ट टीम म्हणतात. नळीवाला डॉक्टर आणि सुरीवाला डॉक्टर दोघांनी मिळून सांगितलं तर भरवसा वाटतो. चांगला डॉक्टर या प्रश्नाचा राग धरत नाही. अँजिओग्राफीची सीडी आणि इकोचा रिपोर्ट मागून घ्या. ते आपले आहेत. परराज्यातल्या पोराला फोनवर "ब्लॉकेज आहे" एवढंच सांगण्यापेक्षा रिपोर्टचा फोटो पाठवा, म्हणजे तो तिथल्या डॉक्टरलाही दाखवू शकतो.

पैशाचं

महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत आता कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत उपचार मोफत आहेत. बायपास, झडप बदलणं, अँजिओप्लास्टी हे त्यात येतं. योजना कॅशलेस आहे. आधी पैसे भरून नंतर परत मागायचं, असं त्यात चालत नाही. म्हणून दाखल होतानाच रेशनकार्ड आणि आधार घेऊन रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भेटा. झडप आणि बायपास दोन्ही एकदम असेल तर मंजुरी कशी मिळते, टावी बसते का, काय वरून भरावं लागेल, हे तिथंच स्पष्ट करून घ्या. योजनेचा फोन १५५३८८. स्टेंटच्या किमतीवर फेब्रुवारी २०१७ पासून सरकारी मर्यादा आहे, औषधी स्टेंटला तेव्हा साधारण तीस हजारांच्या आत. ती दरवर्षी थोडी बदलते, पण बिलात स्टेंटची किंमत वेगळी लिहिलेली असायला हवी, ती बघा.

घरी आल्यावर

धातूची झडप बसवलेल्यांना बहुतेक वेळा अॅसिट्रोम किंवा वॉर्फरिन ही गोळी असते. तिचा डोस रक्ताच्या आयएनआर तपासणीवर ठरतो. एक महिना बरं वाटलं म्हणून तपासणी सोडली की गाठ होऊन झडप अडकू शकते, नाहीतर उलट रक्तस्राव होतो. मेथी, पालक बंद करायची गरज नाही, पण एक आठवडा रोज भाजी आणि पुढचा आठवडा अजिबात नाही, असं करू नका. त्यानं आयएनआर वरखाली होतो. गुडघेदुखीची गोळी मेडिकलमधून आपल्या मनानं घेऊ नका. दात काढायचा असेल तर दातांच्या डॉक्टरला झडप बदलल्याचं आधी सांगा, कारण तोंडातले जंतू रक्तातून नव्या झडपेवर बसू शकतात. त्यासाठी आधी अँटिबायोटिक देतात. ताप चार दिवसांच्या वर राहिला तर सलाइन लावून घरी न बसता जिथं ऑपरेशन झालं तिथं फोन करा. आणि ऑपरेशनचं कार्ड, ज्यावर झडपेचा प्रकार आणि नंबर असतो, ते कपाटात न ठेवता पाकिटात ठेवा, फोटो मोबाइलमध्ये.